खिशातलं ऑफिस आणि घरातला फोन

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाउसमध्ये झालेल्या रविवारच्या व्याख्यानांपैकी एका भाषणाचा मजकूर. संपादक मंडळाच्या आग्रहाने बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



या मालेत माझ्या आधी गुडघेदुखीवर बोलून झालं, मृत्युपत्रावर बोलून झालं, आणि गच्चीवरच्या सौर पॅनेलवर तर दोन रविवार गेले. त्यानंतर नोटीस बोर्डावर ‘मोबाईलवर ऑफिसचं व्हीपीएन कसं जोडावं’ असा कागद लागला, तेव्हा एका काकांनी मला लिफ्टमध्येच विचारलं, “अरे, हे आमच्या काय उपयोगाचं?” मी म्हटलं, काका, तुमच्या सूनबाईंचा फोन रात्री ओट्याशेजारी चार्जिंगला असतो. त्याच फोनवर नातू कार्टून बघत जेवतो. आणि त्याच फोनमधून तिच्या कंपनीचं दार उघडतं. म्हणून तुम्ही यायचं. ते आलेत, पहिल्या रांगेत बसलेत.

मी हिंजवडीत एका कंपनीच्या नेटवर्क खात्यात काम करतो. लोकांचं ‘कनेक्ट होत नाही’ हे वाक्य ऐकणं आणि ते का होत नाही हे शोधणं, हा माझा धंदा. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आपल्या तिन्ही विंगमधून मला इंटरकॉम यायचे. तोपर्यंत बहुतेक कंपन्यांत घरून काम करणं ही मोजक्या लोकांची चैन होती. व्हीपीएनची सोय त्या मोजक्यांपुरतीच घेतलेली, आणि एका आठवड्यात सगळं ऑफिस त्या अरुंद दारातून आत जायला बघत होतं. कॉल सेंटरसारख्या कामांना तर घरून काम करायचं म्हटलं की दूरसंचार खात्याच्या अटी आड यायच्या. त्या मार्चमध्ये तात्पुरत्या सैल केल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवे नियम आले. आज आपल्याकडे जी मुलं सोमवार-शुक्रवार घरी बसून नोकरी करतात, त्यांच्या पगारामागे हा सगळा खटाटोप आहे.

आता व्हीपीएन म्हणजे काय, ते आधी सांगतो. व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. शब्दशः अर्थ सोडून द्या. जुन्या मंडळींना पोस्टकार्ड आणि बंद पाकीट हा फरक माहीत आहे. पोस्टकार्ड पोस्टमन वाचू शकतो, पाकीट वाचू शकत नाही. तुमचा फोन जे काही पाठवतो ते व्हीपीएन एका बंद पाकिटात घालतं, पाकिटावर फक्त कंपनीच्या फाटकाचा पत्ता लिहितं आणि रवाना करतं. पाकीट कंपनीच्या फाटकावर उघडतं आणि आतली चिठ्ठी कंपनीच्या आतल्या आत पुढे जाते. आतल्या सर्व्हरला वाटतं, ही व्यक्ती ऑफिसातच बसली आहे.

बहुतेक लेखांत लिहितात की व्हीपीएन नसेल तर तुमचं सगळं कोणीही वाचेल. हे पंधरा वर्षांपूर्वी बरंचसं खरं होतं. आज बँकेची साइट, जीमेल, व्हॉट्सॲप ही सगळी मुळातच पाकीटबंद आहेत. त्यामुळे ऑफिसच्या व्हीपीएनचं खरं काम गुपित राखण्यापेक्षा आत घेण्याचं आहे. वॉचमनने ओळख पटवून फाटक उघडावं, तसं. आणि म्हणूनच, ज्याच्या हातात तो फोन, त्याच्यासाठी ते फाटक उघडतं, ही गोष्ट महत्त्वाची.

जोडायचं कसं? दोन प्रकार आहेत. मोठ्या कंपन्यांत आयटी खातं एक ॲप टाकायला सांगतं. सिस्कोचं सिक्युअर क्लायंट, ज्याला लोक अजून जुन्या नावाने एनीकनेक्ट म्हणतात, किंवा ग्लोबलप्रोटेक्ट, किंवा फोर्टिक्लायंट. यात तुम्हाला करायचं थोडंच असतं. ॲप घ्यायचं, कंपनीने दिलेला पत्ता टाकायचा, नाव-पासवर्ड द्यायचा, मग दुसरी ओळख म्हणून ओटीपी किंवा ‘मंजूर’चं बटण. फोन एकदा विचारतो की या ॲपला व्हीपीएन जोडणी करू द्यायची का. तिथे हो म्हणायचं. झालं. अँड्रॉइडवर वरच्या पट्टीत छोटी किल्ली दिसते, आयफोनवर व्हीपीएन अशी अक्षरं दिसतात.

पण ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच, आणि बनवणाऱ्याचं नाव वाचून. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून नाही. लग्नपत्रिका म्हणून, वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून एपीके फाइल येते आणि ती उघडली की फोन हातातून जातो, हे आपल्याला आता माहीत झालंय. ‘तुमच्या कंपनीचं नवीन व्हीपीएन’ म्हणूनही तशीच फाइल येऊ शकते. त्यात पत्रिकेपेक्षा जास्त धोका, कारण ऑफिसचं म्हटलं की माणूस घाईत असतो आणि साहेबाला नाही म्हणायची सवय नसते.

दुसरा प्रकार लहान कंपन्यांचा. आपल्यातल्या सीए मंडळींच्या ऑफिसात असतो तसा, टॅली ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि राउटरमध्येच व्हीपीएनची सोय. इथे ॲप नसतं, फोनच्या सेटिंग्जमध्ये हाताने माहिती भरायची. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग व्हीपीएन, आणि अधिकचं चिन्ह. सॅमसंगमध्ये ते कनेक्शन्सच्या आत, ‘मोअर कनेक्शन सेटिंग्ज’मध्ये लपलेलं आहे. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, आणि खाली ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’. तिथे प्रकार विचारतात, सर्व्हरचा पत्ता विचारतात, नाव आणि पासवर्ड विचारतात. आयफोनमध्ये ‘रिमोट आयडी’ म्हणून एक रकाना असतो, तो लोक रिकामा ठेवतात किंवा मनाला येईल ते लिहितात. तिथे सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच लागतं, अक्षरन् अक्षर.

याच प्रकारात एक अडचण माझ्याकडे वर्षातून दहा वेळा तरी येते. जुन्या राउटरवर पीपीटीपी नावाची पद्धत लावलेली असते. नवीन फोन घेतला की लोक म्हणतात, “फोनमध्येच दोष आहे, जुन्या फोनमध्ये पर्याय होता, यात दिसतच नाही.” फोनमध्ये दोष नाही. पीपीटीपी ही १९९० च्या दशकातली पद्धत आहे आणि तिचं कुलूप फोडता येतं हे २०१२ साली सगळ्यांसमोर करून दाखवलं गेलं. ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० पासून ती काढून टाकली. अँड्रॉइड १२ पासून नवीन जोडणीसाठी ती निवडताच येत नाही. जुन्या फोनवर चालतंय म्हणून तोच फोन जपून ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. राउटरवाल्याला बोलवा आणि आयकेईव्ही२ किंवा वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन लावून घ्या. राउटर फारच जुना असेल तर बदला. लाखोंचे ताळेबंद ज्या दारामागे आहेत त्या दाराचं कुलूप बदलायला कंजुषी करू नये. (सीए मंडळी हसतायत, पण हे त्यांच्यासाठीच आहे.)

आयकेईव्ही२ चा एक गुण मला मनापासून आवडतो. तुम्ही घरच्या वाय-फायवर मीटिंगला बसलात आणि बोलत बोलत खाली उतरलात, तर गेटपाशी फोन वाय-फाय सोडून मोबाईल डेटावर जातो. म्हणजे तुमचा पत्ता बदलला. साध्या पद्धतीत इथे जोडणी तुटते आणि पुन्हा सगळी ओळखपरेड. आयकेईव्ही२ मध्ये पत्ता बदलल्याचं फाटकाला कळवायची सोय आहे, ती नीट लावलेली असेल तर संभाषण चालू राहतं. लिफ्टमध्ये मात्र रेंजच जाते. तिथे आयकेईव्ही२ काय किंवा आणखी काही काय. लिफ्टचा विषय येत्या सर्वसाधारण सभेत आहेच.

न जोडण्याची कारणं. यात मी जरा रमतो, सांभाळून घ्या. पहिलं कारण घड्याळ. आपल्याकडे उशीर होऊ नये म्हणून घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे लावून ठेवायची पद्धत आहे, आणि काहीजण फोनचंही तसंच करतात. पण ओटीपी देणारं ॲप दर तीस सेकंदांनी नवा आकडा काढतं ते फोनचं घड्याळ बघून. तुमचं घड्याळ पुढे, सर्व्हरचं बरोबर, मग आकडे जुळणार कसे? माणूस पासवर्ड बदलत बसतो. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा, नव्वद टक्के भांडण तिथेच मिटतं. नव्वद हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे.

दुसरं, हॉटेल, विमानतळ, रेल्वे स्टेशन इथलं मोफत वाय-फाय. फोन म्हणतो वाय-फाय जोडलंय, व्हीपीएन मात्र गोल गोल फिरतंय. कारण तिथल्या वाय-फायला आधी तुमचा मोबाईल नंबर आणि ओटीपी हवा असतो. ते पान उघडून भरल्याशिवाय इंटरनेट सुरूच झालेलं नसतं. आधी ब्राउझर उघडा, ते पान भरा, मग व्हीपीएन.

तिसरं जरा गमतीचं आहे. व्हीपीएन जोडलेलं दिसतं, किल्ली दिसते, पण ऑफिसची फाइल काही उघडत नाही. आपल्या घरच्या राउटरने घरातल्या वस्तूंना १९२.१६८.१ असे पत्ते दिलेले असतात. लहान ऑफिसातल्या राउटरनेही नेमके तेच दिलेले असतात, कारण दोघांनी खोक्यातून काढून तसाच लावलाय. आता तुम्ही ऑफिसच्या ‘बी-३०२’ कडे चिठ्ठी पाठवता, आणि फोन बघतो की बी-३०२ तर आपल्याच सोसायटीत आहे. चिठ्ठी घरातल्या टीव्हीकडे जाते. टीव्ही काय उत्तर देणार! दोघांपैकी एकाचे पत्ते बदलावे लागतात. तातडीचं असेल तर वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावरून जोडून बघा. जोडलं गेलं, तर दुखणं हेच.

आणि फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲपं बंद करतो, त्यात व्हीपीएनचाही बळी जातो. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरीला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. फोनवर व्हीपीएन चालू करून हॉटस्पॉटने लॅपटॉप जोडला की लॅपटॉपही ऑफिसात पोचला, असं अनेकजण समजतात. तसं होत नाही. लॅपटॉप साध्या इंटरनेटवरच असतो, त्याला स्वतःचं व्हीपीएन लागतं. त्याच न्यायाने, मुलाच्या फोनवर व्हीपीएन आहे म्हणून घरातला दुसरा कोणताही फोन ऑफिसला जोडला जात नाही. हा प्रश्न मला तीन आज्यांनी वेगवेगळा विचारलाय.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिकडे येतो. फोन तुमचा, तुमच्या पैशाचा, हप्ते तुम्ही भरताय. ऑफिस त्यात शिरलं की ऑफिसला काय दिसतं?

नुसत्या व्हीपीएनचं बोलायचं तर तीन तऱ्हा. एकात फोनची सगळी वाहतूक ऑफिसमधून जाते. तेव्हा तुम्ही कोणत्या साइटवर कधी गेलात हे ऑफिसला कळू शकतं. बँकेच्या साइटवर गेलात हे कळतं, शिल्लक किती हे कळत नाही. कंपनीने स्वतःचं प्रमाणपत्र फोनमध्ये टाकलं असेल तर ब्राउझरमधली काही पाकिटं उघडून बघण्याची ताकद तिच्याकडे येते, हेही लक्षात ठेवा. दुसऱ्या तऱ्हेत फक्त ऑफिसच्या पत्त्यांची वाहतूक ऑफिसकडे जाते, बाकीची तुमची तुम्ही. तिसरीत फक्त ऑफिसची ॲपं त्या बोगद्यातून जातात. आपल्या कंपनीत यातली कोणती आहे, हे विचारायचा हक्क आहे. आयटीवाले चिडत नाहीत, उलट कोणीतरी विचारलं याचं आम्हाला बरं वाटतं.

पण बऱ्याच कंपन्या व्हीपीएन देताना फोनची ‘नोंदणी’ करून घेतात. खरा मामला इथे आहे. फोन विचारतो, ‘तुमच्या संस्थेला हे हे करू द्यायचं का’, आणि खाली मोठी यादी असते. ती वाचा. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून, म्हणजे पाचव्या आवृत्तीपासून, ‘वर्क प्रोफाइल’ नावाची उत्तम सोय आहे. फोनमध्ये जणू मधे भिंत घालून वेगळी खोली काढतात. त्या खोलीतल्या ॲपच्या चित्रावर छोटी ब्रीफकेस दिसते. कंपनीची सत्ता त्या खोलीपुरती. तुमचे फोटो, तुमचं व्हॉट्सॲप भिंतीच्या अलीकडे. कंपनीने पुसलं तर ती खोलीच पुसली जाते. आणि संध्याकाळी ती खोली बंद करायचं बटणही आहे, जे आपल्याकडे फार कमी लोक दाबतात. आयफोनवर २०१९ पासून वैयक्तिक फोनसाठी अशाच स्वरूपाची वेगळी नोंदणी आहे. पण आयफोनवरच्या पूर्ण नोंदणीत कंपनी तुमचे मेसेज आणि फोटो बघू शकत नसली, तरी फोनवर कोणती ॲपं आहेत ते बघू शकते आणि अख्खा फोन पुसू शकते.

अख्खा फोन पुसणं म्हणजे काय, हे आपल्या सोसायटीतल्या एका घराने अनुभवलंय. त्यांनी सांगायची परवानगी दिली, नाव घेऊ नकोस म्हणाले. त्यांनी काही वर्षांपूर्वी नोकरी बदलली. ऑफिसची मेल त्यांनी फोनच्या साध्या मेल ॲपमध्येच लावली होती. लावताना फोनने विचारलं होतं की संस्थेला सर्व माहिती पुसण्याचा अधिकार द्यायचा का. त्यांनी ‘ओके’ दाबलं, जसं सगळेच दाबतात. शेवटच्या दिवशी हिशेब झाला, ओळखपत्र परत दिलं, मित्रांबरोबर चहा झाला आणि घरी येईपर्यंत फोन कोरा. दुकानातून आणल्यासारखा. मुलीच्या बारशापासूनचे फोटो गेले. फोटो नातेवाइकांकडून थोडेफार परत जमवता आले. पण त्यांच्या आई आदल्या वर्षी गेल्या होत्या, आणि त्यांनी पुरणपोळीची कृती सांगताना केलेलं बारा-तेरा मिनिटांचं रेकॉर्डिंग त्याच फोनवर होतं. ते दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

कंपनीने कागदाबाहेर जाऊन काहीच केलं नव्हतं. रुजू होतानाच्या अर्जात ती अट होती, खाली सही होती. मला तेच जास्त खटकतं. कंपनीच्या फायली काढून घेण्यासाठी माणसाच्या आईचा आवाज पुसावा लागू नये, आणि आजच्या फोनमध्ये तो पुसावा लागतही नाही. वर्क प्रोफाइल लावली असती तर वाचलं असतं. म्हणून नोंदणी करताना आयटीला एकच प्रश्न लेखी विचारा: पुसणार म्हणजे नेमकं काय पुसणार? उत्तर ‘संपूर्ण फोन’ असं आलं तर मी सांगतो, कंपनीकडे वेगळा फोन मागा. ज्याला रात्री दोन वाजता सर्व्हर पडला म्हणून उठवायचं आहे, त्याला फोन देणं कंपनीला परवडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या साहेबांनाही ते माहीत आहे.

आता दुसरी बाजू. कंपनी एवढी घाबरते कशाला? तर कारण आहे. अमेरिकेत कलोनियल पाइपलाइन नावाची कंपनी आहे. टेक्सासपासून न्यूयॉर्कच्या बाजूपर्यंत पेट्रोल-डिझेल नेणारी नळवाहिनी, सुमारे ८,८५० किलोमीटरची. पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनातलं जवळपास ४५ टक्के त्यातून जातं. मे २०२१ मध्ये ती पाच-सहा दिवस बंद पडली, पंपांवर रांगा लागल्या. चोर आत कसे शिरले? वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला फक्त पासवर्ड होता, दुसरी ओळख नव्हती. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी दिली, त्यातली बरीचशी नंतर सरकारने परत मिळवली. एक पासवर्ड, एक विसरलेलं खातं.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे दुसरी ओळख आहे, ‘मंजूर’ दाबावं लागतं. तर उबरचं उदाहरण ऐका. सप्टेंबर २०२२. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या एका कंत्राटी माणसाचा पासवर्ड चोराच्या हाती लागला होता. चोराने लॉगिन करायचा प्रयत्न केला की त्या माणसाच्या फोनवर ‘मंजूर करायचं का’ असा निरोप जायचा. त्याने नाकारलं. पुन्हा निरोप. पुन्हा नाकारलं. असं किती वेळ नाकारणार? शेवटी एकदा मंजूर दाबलं गेलं, आणि चोर आत. याच कारणाने आता अनेक ठिकाणी नुसतं बटण नसतं, स्क्रीनवरचा आकडा बघून फोनवर लिहावा लागतो. मायक्रोसॉफ्टने आपल्या ॲपमध्ये मे २०२३ पासून तो सगळ्यांना सक्तीचा केला. लोक वैतागतात, ‘एक काम वाढलं’ म्हणतात. ते वाढवण्यामागे हे आहे.

म्हणून मी आज आजी-आजोबांना बोलावलंय. सूनबाई अंघोळीला गेल्यात, फोन ओट्यावर आहे आणि त्यावर ‘मंजूर’ आणि ‘नाकारा’ अशी दोन बटणं आली. आपला स्वभाव मदतीचा. ‘काहीतरी ऑफिसचं असेल, अडायला नको’ म्हणून आपण हिरवं बटण दाबतो. काकू, दाबायचं नाही. नाकाराही दाबायचं नाही. फोन तसाच ठेवायचा आणि तिला हाक मारायची. कोणाचा फोन आला, ‘मॅडमच्या ऑफिसच्या आयटीतून बोलतोय, आलेला आकडा सांगा’ किंवा ‘एनीडेस्क टाका’, तर फोन ठेवून द्यायचा. आम्ही आयटीवाले कोणाच्या सासूबाईंकडे कधीही आकडा मागत नाही. पैशाची फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करायचा. जितक्या लवकर, तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

नातवंडांसाठी एकच. गेमसाठी किंवा बंद साइट उघडायला मुलं ‘फ्री व्हीपीएन’ टाकतात. नाव तेच, पण जात वेगळी. ऑफिसचं व्हीपीएन तुम्हाला तुमच्या ऑफिसकडे नेतं. हे फुकटवालं तुमची सगळी वाहतूक एका अनोळखी माणसाच्या घरातून नेतं. तो माणूस फुकट का राबतोय, हा साधा हिशेब करा. शिवाय साध्या मांडणीत फोनवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. मुलाने गेमसाठी चालू केलं की आईचं ऑफिसचं तुटतं आणि ती मला फोन करते. आमच्या विंगमध्ये दर मे महिन्याच्या सुट्टीत हे होतं.

भाषणानंतर बरेच प्रश्न आले, त्यातले दोन संपादकांनी लिहायला सांगितले आहेत.

एका काकांनी विचारलं, व्हीपीएन वापरणं कायदेशीर आहे का? पेपरात काहीतरी वाचलं होतं. त्यांनी वाचलं ते २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाबद्दल असणार. लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी, असं त्यात आहे. त्यावरून काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. कंपन्यांची स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठीची व्हीपीएन त्यातून वगळलेली आहेत, हे सर्ट-इनने नंतर स्पष्ट केलं. तेव्हा घरी बसून ऑफिसला जोडायला अडचण नाही. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत मधून मधून तात्पुरते मनाई आदेश निघाले आहेत, आणि परदेशात काही ठिकाणी नियम कडक आहेत. सहलीला जाताना ऑफिसला विचारून जा.

दुसरा प्रश्न ए विंगमधल्या एका ताईंचा. मुलगा महिनाअखेरीस नोकरी सोडतोय, फोनचं काय करायचं? क्रम महत्त्वाचा आहे. आधी फोटो, व्हॉट्सॲप, रेकॉर्डिंग यांची प्रत दुसरीकडे काढा, आणि ती प्रत उघडून बघा. मग ओटीपी देणाऱ्या ॲपमध्ये बँकेची किंवा स्वतःच्या मेलची खाती असतील तर ती सुरक्षित हलवा. ऑफिसचे काही कागद, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ हवे असतील तर ते परवानगीने आधीच घ्या, कारण नंतर दार उघडणार नाही. त्यानंतर आयटीला सांगून वर्क प्रोफाइल काढा. शेवटी सेटिंग्जमध्ये व्हीपीएनच्या यादीत आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’च्या यादीत कंपनीचं नाव उरलंय का ते बघा. हे सगळं शेवटच्या दिवसाच्या आदल्या आठवड्यात, शेवटच्या संध्याकाळी नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसतो. फोन चार्ज करून आणा, कंपनीने पाठवलेली सूचनांची मेल सोबत असू द्या. पासवर्ड तुम्ही स्वतः टाका, मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघतो.